गजाचे केस

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला विषमज्वर झाला. त्यातून मी उठले, माझा आवाज काही उठला नाही. म्हणजे बोलण्यापुरता राहिला, भांडण्यापुरता तर भरपूर राहिला, पण गाण्यापुरता नाही. लग्नाआधी माहेरी मी गाणं शिकलेले. फार मोठी गाणारी होणार होते अशातला भाग नाही. पण संध्याकाळी तंबोऱ्याशी बसलं की मला बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं आपल्या हक्काचं आहे अशी माझी समजूत होती. आजारानंतर पहिल्यांदा सा लावायला गेले तर घशातून नुसता वारा आला. पुन्हा लावला, पुन्हा वारा. त्या दिवशी चुलीपुढे बसून रडले, आणि त्यानंतर कुणी गाण्याचा विषय काढला की माझं डोकंच फिरायचं.

तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहत होतो. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झालेली, गावात विजेचे दिवे मोजके, आमच्याकडे कंदीलच. गणपतीत मंडपात एका बाईंचं गाणं होतं. मी जाणार नव्हते, ह्यांनी आग्रह केला म्हणून तोंड फुगवून गेलेले. बाईंच्या साथीला व्हायोलिन होतं. गर्दीत मला वाजवणाऱ्याचा फक्त उजवा हात दिसत होता, आणि त्या हातातला गज. गज म्हणजे तारांवरून फिरवायची ती केस ताणलेली काठी. बाई एखादी जागा घ्यायच्या, श्वासाला थांबायच्या, आणि तेवढ्यात ती जागा तश्शीच्या तशी त्या लाकडातून यायची, मुरकीसकट. मी शेजारी बसलेल्या ह्यांचा हात घट्ट धरला. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची पद्धत नव्हती तेव्हा, ते दचकलेच. पण मला कशाचं भान नव्हतं. गळ्याशिवाय गाता येतं हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही, याचाच धक्का बसलेला.

दोन दिवस मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. तिशी उलटलेली बाई, दोन मुलगे, घरात एक म्हातारं माणूस, आणि हिला व्हायोलिन शिकायचंय. ते काय म्हणतील, मी काय म्हणेन, सगळं पाठ केलं. मग जेवताना एकदम सांगून टाकलं. ह्यांनी आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाले, "शिक की."

माझा हात वाढता वाढता तसाच राहिला. इतकी सगळी भांडणं तयार करून ठेवलेली, ती आता न्यायची कुठे? त्यांनी वर चौकशीसुद्धा करून ठेवलेली निघाली. मंडपात वाजवणारे ते गृहस्थ ठाण्याला कोपरीत राहायचे आणि रविवारी सकाळी शिकवायचे. "तू हात असा काही धरलास," हे म्हणाले, "की मी दुसऱ्याच दिवशी जाऊन विचारून आलो."

पण खरी परवानगी ह्यांची नव्हेच, आत्यांची. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, माझ्या आत्येसासूबाई. सासूसासरे दोघंही गेलेले, घरात मोठ्या त्याच. लहानपणीच लग्न झालं आणि नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत तो गेला. मोठ्या झाल्या तसं जुन्या रीतीनं केशवपन झालं. तेव्हापासून लाल आलवण, डोक्यावरून पदर, आणि महिन्यातून एकदा मागच्या अंगणात न्हावी. पहाटे विहिरीवर आंघोळ करून सोवळ्यात शिरल्या की स्वयंपाक आणि पूजा होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. मुलांचा चुकून धक्का लागला तर चुलीवरचं तसंच टाकून पुन्हा आंघोळीला. सणाच्या दिवशी त्या आपणहून मागे राहायच्या. सवाष्णीच्या डोक्याला तर त्यांनी कधी हात लावला नाही. "माझा हात नको," एवढंच म्हणायच्या, आणि ते इतक्या सहज की ऐकणाऱ्याला त्यात काही वाटायचंच नाही.

त्यांनी मुलं सांभाळली नाहीत तर मला रविवारी ठाण्याला जाणं शक्य नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कशाचं करतात ते वाद्य?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं मला जमत नाही, तोंडावर दिसतं. "लाकडाचं," मी म्हटलं. "तारा बकऱ्याच्या आतड्याच्या. आणि गजाला घोड्याच्या शेपटीचे केस."

आत्या बघतच राहिल्या. मला वाटलं, संपलं. त्या आत गेल्या, देवापुढची फुलं काढली, बाहेर आल्या. "तू जा. मुलांना मी बघते. ते वाद्य स्वयंपाकघरात आणायचं नाही आणि माझ्या अंगाला लागू द्यायचं नाही." लागोपाठ दोन माणसांनी मला नाही म्हटलं नाही. मी इतकी गांगरले की त्यांना नमस्कार करायला वाकले, आणि त्या घाईघाईनं मागे सरकल्या, कारण त्या सोवळ्यात होत्या.

कोपरीत मास्तरांच्या दोन खोल्या होत्या, मागे खाडीचा वारा. मास्तर साठीचे, विधुर, बोलायला तुसडे. त्यांनी मला जमिनीवर बसवलं, मांडी घालायला लावली, उजवा पाय जरा पुढे घ्यायला सांगितला. मग व्हायोलिनचा रुंद भाग माझ्या खांद्याशी टेकवला आणि त्याचं डोकं खाली माझ्या पावलावर.

मी पाय झटकन मागे घेतला. व्हायोलिन पडता पडता त्यांनी धरलं.

"अहो, पाय लागतोय," मी म्हणाले.

"लागणारच. तिथेच ठेवायचं असतं."

वाद्याला पाय? आमच्या घरी तंबोऱ्यावरून कुणी ओलांडून गेलं तर कान पकडायला लावायचे. मी दोन्ही हातांनी वाद्याला नमस्कार केला, मग पुन्हा केला, तरी पाय पुढे होईना. मास्तर कंटाळले. "बाई, आपल्याकडे बसून वाजवतात. बसलं की त्याला टेकायला दुसरी जागा नाही. पाय द्यायचा नसेल तर घरी जा." मी पाय दिला. पावलावर त्या गार लाकडाचा भार आला. काहीतरी भयंकर करतोय असं वाटत होतं आणि काढून घ्यावंसंही वाटत नव्हतं.

त्यांनी त्यांचं जुनं, जादा व्हायोलिन मला घरी न्यायला दिलं. देताना गजाच्या केसांवर राळेचा खडा घासून दाखवला. पांढरी पूड उडाली. "राळ आहे म्हणून केस तारेला धरतात. राळ नाही तर आवाज नाही. आणि केसांना बोट लावायचं नाही. हाताचा ओशटपणा लागला तरी गज मुका होतो." वाजवून झालं की मळसूत्र फिरवून केस सैल सोडायचे, हेही सांगितलं. आणि दारात उभं राहून शेवटचं बोलले. "तिशीनंतर मनगट वळत नाही. शिवाय घरच्या बायका दिवाळीनंतर पुन्हा दिसत नाहीत, असा माझा अनुभव आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी या. चारही तारांवर गज टोकापासून टोकापर्यंत सरळ आला, खरखर झाली नाही, तर शिकवीन. नाहीतर वाद्य ठेवून जा आणि पेटी शिका."

पेटी. मला इतका राग आला की स्टेशनापर्यंत मी त्यांच्याशी मनात भांडत गेले. पेटीत सूर आधीच करून ठेवलेले असतात, आपण फक्त बोट ठेवायचं. मला माझा स्वतःचा सूर लावायचा होता, घसरून, चुकून, ओढत नेऊन, जसा गळ्यानं लावायचे तसा. तो आता या एकाच वाटेनं परत मिळण्यासारखा होता, आणि ती वाट या तुसड्या म्हाताऱ्याच्या हातात होती.

दिवाळीपर्यंत मी फक्त गज ओढला. दुपारी जेवणं आटोपली, मुलं निजली की बाहेरच्या खोलीत बसायचं. बोटं ठेवायची नाहीत, नुसत्या मोकळ्या तारा. पहिले कितीतरी दिवस जो आवाज आला त्याला आवाज म्हणायचा तर बिजागरीला गाणं म्हणावं लागेल. मुलगे पोट धरधरून हसायचे, मी त्यांना गज उगारून धमकावायचे, तोच गज मग तारेवर थरथरायचा. समोरच्या घरातल्या काकूंनी एकदा काळजीनं विचारलं, कुणाचं काही दुखतंय का. मी दार लावून घेतलं.

आत्या आतल्या उंबऱ्याशी वाती वळत बसायच्या. सोवळं सोडलेलं असायचं, तरी लांबच. वाद्याबद्दल चांगलं-वाईट कधी बोलल्या नाहीत. त्यांचं लक्ष वेगळीकडेच असायचं.

"ते केस रोज मोकळे सोडतेस?"

"हो. ताणून ठेवले तर खराब होतात."

"आणि ही पूड कशाला फासतेस? बघ कसे झालेत. राठ."

"लावावी लागते, आत्या."

"कधी धुतेस?"

मला हसूच आलं. "घोड्याचे आहेत ते, धुवायचे नसतात." त्यांनी पुढची वात वळायला घेतली. मला वाटलं, विटाळाची काळजी असेल. केसांना हात लावू नये हे घरात सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. सांगणार कुणाला? मुलांना धाक होता, हे वाद्यापासून चार हात लांब असायचे, आणि आत्या तर आत्याच.

दसऱ्याच्या सुमारास गज एकदम सरळ आला. कसा ते विचारू नका. एक दिवस खालच्या जाड तारेवर मी तो ओढला आणि सबंध खोलीभर सा उभा राहिला. भरलेला, गोल. खरखर नाही, थरथर नाही. माझ्या छातीच्या हाडाला तो जाणवत होता, पूर्वी गळ्यातून यायचा तेव्हा जाणवायचा तिथेच. मी गज टोकाला पोचल्यावर तशीच बसून राहिले, घाबरून, की पुन्हा ओढला तर येईल का. पुन्हा आला. आतमध्ये वाती वळायच्या थांबल्या होत्या.

दिवाळी आली. पहाटे मी ह्यांना आणि मुलांना तेल लावलं, उटणं लावलं, स्वतः न्हायले. आत्या त्याआधीच गार पाण्यानं आंघोळ करून, आम्ही ओवाळायला बसलो तेव्हा नेहमीप्रमाणे मागच्या अंगणात जाऊन बसलेल्या. मग दिवसभर येणीजाणी, फराळ. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं ह्यांच्या एका स्नेह्यांकडे कल्याणला जेवायला गेलो, ते संध्याकाळी परतलो. रविवार दोन-तीन दिवसांवर आलेला. माझं लक्ष जेवणात नव्हतंच.

घरी आले तर आत्या उंबऱ्याशी बसलेल्या, हातात वाती नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाजव."

इतक्या दिवसांत त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. मी नवी साडीसुद्धा बदलली नाही. बसले, वाद्य पायावर घेतलं, तारा लावल्या, कंदिलाच्या उजेडात गज उचलला, केस ताणले आणि जाड तारेवर ओढला.

काही नाही. आवाजच नाही. खरखर नाही, कुरकुर नाही, गज तारेवरून नुसता सुळकन निघून गेला. मी पुन्हा ओढला. माझ्या घशातून वारा आला होता तो दिवस समोर उभा राहिला.

"सुरू कर की," आत्या म्हणाल्या.

"केलंय," मी म्हणाले.

आणि मग मला वास आला. खोबरेल तेलाचा. मी गज कंदिलाजवळ नेला. केस पांढरेशुभ्र, एक न् एक सुटा, चकचकीत. माझी लाकडी फणी कोनाड्यात वाळत ठेवलेली.

"गजाला कुणी हात लावला?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"मी," आत्या म्हणाल्या. "शिकेकाईनं दोनदा धुतले. उन्हात वाळवले. मग थोडं तेल चोळून विंचरले. काय ती राळ बसली होती, चार दिवसांत जटा झाल्या असत्या. सगळं घर न्हायलंय सणाला. तेवढ्यांनीच का पारोसं राहायचं?"

मनात आलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मला आधी दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"तुम्ही शिवलात त्याला?"

"शिवले."

ज्या बाई माझ्या धुतलेल्या साडीचा पदर लागला तरी विहिरीवर जायच्या, त्यांनी घोड्याच्या शेपटीचे केस मांडीवर घेऊन धुतले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या.

"किती लांब आहेत गं," त्या म्हणाल्या. "ओले झाले की हातातून असे सटकतात. मला वाटलं नव्हतं हाताला अजून लक्षात असेल." मग जरा थांबून, "माझे कमरेखाली होते."

मी हबकले. त्यांना कधीतरी केस होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरज तरी काय होती? असणारच की. पण ते डोकं पदराखाली पहिल्यापासून तसंच असल्यासारखं मी पाहत आलेले. आता मला एकदम एक मुलगी दिसली, कमरेखाली केस असलेली, आणि मला कुठे बघावं कळेना.

"वाजव ना आता," त्या म्हणाल्या. "चांगलं वाजत असेल."

तेव्हा सांगावंच लागलं. तेल लागलं की केस तारेला धरत नाहीत. राळ म्हणजे मळ नव्हे, तीच आवाज काढते. गज मुका झाला. हे मी शक्य तितकं हळू सांगितलं, पण सांगितलं. आत्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी घालवला त्याचा आवाज?" त्या म्हणाल्या. माझा राग जागच्या जागी विझला, आणि तो विझला याचाही मला राग आला, कारण रागावायची माझी पाळी होती.

मग आम्ही दोघींनी मिळून काय काय केलं. बेसन लावून पुसलं, रिठ्यानं धुतलं, गरम पाणी, पुन्हा बेसन. केस चोथ्यासारखे चिकटले. त्यावर राळ घासली तर तिच्या गुठळ्या झाल्या. गज दुसऱ्याचा, परीक्षा तोंडावर, आणि नवा गज आणायचा म्हणजे मुंबईत शोधायचा कुठे, तेही दिवाळीत. हे म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर, समजावून सांगतो. पण मला दिसत होतं काय होणार ते. मास्तर गजाकडे एकदा बघतील, वाद्य काढून घेतील आणि म्हणतील, पेटी शिका.

रविवारी सकाळी मी निघाले तर आत्या धुतलेलं आलवण नेसून दारात उभ्या. "मी केलंय, मी सांगते," त्या म्हणाल्या. देवळाखेरीज त्या कधी बाहेर पडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. ह्यांनी मुलांना धरलं आणि आम्हाला वाट दिली. गाडीत दोन नव्या नवरींनी आम्हाला बघून तोंडं फिरवली, सणाचे दिवस होते. आत्यांनी ते पाहिलं आणि खिडकीकडे वळून बसल्या. ठाण्याला उतरून कोपरीत शिरल्यावर खाडीच्या बाजूनं सुक्या मासळीचा वास आला, त्यांनी पदर नाकाला लावला, पण पाऊल थांबवलं नाही.

मास्तरांनी दार उघडलं. दिवाळीत सकाळच्या वेळी उंबऱ्यावर केशवपन केलेली बाई. ते क्षणभर तसेच दार धरून उभे राहिले. मग बाजूला झाले, "या" म्हणाले.

आत्या बसल्या नाहीत. "हिची चूक नाही," त्या उभ्यानं म्हणाल्या. "गजाचे केस मी धुतले, मी तेल लावलं. मला ठाऊक नव्हतं. काय बोलायचं ते मला बोला, हिला काढू नका."

मास्तरांनी गज हातात घेतला. नाकाशी नेला. बघितलं. "तेल," ते म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." त्यांनी आत्यांकडे पाहिलं आणि त्यांची नजर नकळत पदराखालच्या डोक्याकडे गेली. पुढचं जे काय येणार होतं ते त्यांनी गिळलं. मग ते उठले आणि व्हायोलिनच्या खोक्यातून त्यांचा स्वतःचा गज काढून माझ्यापुढे धरला.

मी घेईना. वाजवणारा माणूस आपला गज कुणाला देत नाही, एवढं मला आतापर्यंत कळलेलं.

"धरा," ते म्हणाले. "परीक्षा आहे ना आज?"

मी बसले, पाय पुढे केला. पहिल्या तारेवर गज मध्येच अडखळला, दुसरीवर बरा आला. तिसरीवर सरळ. जाड तारेवर मी श्वास धरला आणि टोकापासून टोकापर्यंत सा ओढला, सावकाश, आणि तो आला, खोलीभर. मी डोळे उघडले. मास्तर कपाटाशी गेले आणि कागदात गुंडाळलेला पांढऱ्या केसांचा झुपका घेऊन आले. तोंडानं हो म्हणाले नाहीत. पण ज्याला शिकवायचं नाही त्याच्या गजाला कोण नवे केस बसवतं? माझे डोळे भरून आले. मला माझा सूर परत मिळाला होता.

त्यांनी कात्री घेतली. जुने केस कापल्याशिवाय नवे बसत नाहीत.

"कापणार?" आत्यांनी विचारलं.

मास्तरांचा हात थांबला.

"पुन्हा येतात?"

"येतात," मास्तर म्हणाले. "म्हणजे बसवता येतात."

"कितीही वेळा?"

"काठी शाबूत आहे तोवर कितीही वेळा."

आत्या खाली बसल्या. "मग कापा. मी धरते. अंगावर पडू देऊ नका, दिवसभर टोचतात." त्यांनी ओंजळ पुढे केली. मास्तरांनी कापले, आणि ते राठ, तेलकट केस आत्यांच्या हातात पडले. मला तिकडे बघवेना. मास्तरांनी ते त्यांच्या हातातून कागदात घेतले आणि कागद बाजूला ठेवला.

नवे केस पाण्यात भिजवून, एका टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधून, ते त्यांनी गजात बसवले. दुसरं टोक मोकळं. "आता ओले असतानाच विंचरायचे," ते म्हणाले, "एकावर एक चढता कामा नयेत. मग हे टोक बांधतो." आणि त्यांनी बारीक दातांची फणी आत्यांपुढे केली.

"माझा हात नको," आत्या म्हणाल्या. "नवीन आहेत."

"मला हाताशी एक माणूस लागतंच," मास्तर म्हणाले. "हिला अजून येत नाही."

आत्यांनी फणी घेतली. ओल्या केसांतून ती वरपासून खालपर्यंत फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. कुठेही अडकली नाही. मग त्यांनी फणी मांडीवर ठेवली आणि त्यांच्या बोटांनी त्या केसांचे तीन पेड केले. मी चमकून मास्तरांकडे पाहिलं. ते दोरा हातात धरून बसले होते. पेडावरून पेड, पेडावरून पेड, आत्यांचे हात भराभर चालत होते आणि त्या तिकडे बघतसुद्धा नव्हत्या. टोकापर्यंत वेणी झाली. बारीक, पांढरी, घट्ट. त्या ती चिमटीत धरून बसल्या.

मग त्यांनीच ती उलगडली, केस पुन्हा विंचरून सारखे केले आणि टोक मास्तरांपुढे धरलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "बांधा."